टू-स्पीड गिअरबॉक्स घ्यावा का? स्पर्धेच्या रोबोटमधला जुना प्रश्न आणि बदललेलं उत्तर

शाळा-कॉलेजच्या रोबोट स्पर्धांमधून एक पार्ट गुपचूप गायब होत चाललाय. टू-स्पीड गिअरबॉक्स. दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या टीमचा रोबोट उलटा करून बघितला असता तर तो खाली दिसण्याची शक्यता खूप होती. आज वरच्या पातळीवरच्या रोबोटमध्ये तो शोधावा लागतो. तरीही नवीन टीम काम सुरू करते, मुलं फोनवर सर्च करतात, 2013-14 चे व्हिडिओ आणि पीडीएफ समोर येतात, आणि सल्ला मिळतो तोच: जिंकायचं असेल तर दोन गिअर पाहिजेत. मग बजेटचा मोठा तुकडा तिकडे जातो.

हा सल्ला तेव्हा चुकीचा नव्हता. आता काय बदललं, ते समजून घेऊ. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल, पण आठवीच्या पुढचं नाही.

कुठली स्पर्धा?

आपण बोलतोय ती फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये पहिली स्पर्धा झाली. आज ती हायस्कूलच्या मुलांची जगातली सगळ्यात नावाजलेल्या रोबोट स्पर्धांपैकी एक आहे. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. साधारण साडेसोळा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद मैदानावर तीन रोबोट विरुद्ध तीन रोबोट असा अडीच मिनिटांच्या आसपासचा सामना. मुंबईच्या आर. एन. पोदार शाळेची टीम 6024, म्हणजे आर फॅक्टर, ही आपल्याकडून तिथे खेळलेली टीम.

रोबोट छोटा नसतो. 2024 पर्यंत वजनाची मर्यादा 125 पौंड होती, 2025 ला ती 115 पौंड केली, म्हणजे सुमारे 52 किलो. त्यात बॅटरी आणि बंपर धरत नाहीत. ते लावले की मैदानावर पासष्ट-सत्तर किलोचं धूड पळत असतं. ते पळताना समोरच्याला ढकलतं, समोरचा याला ढकलतो. खेळाच्या नियमात हे बसतं, फक्त एखाद्याला काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरता येत नाही.

म्हणजे रोबोटला दोन कामं करायची असतात. मोकळं मैदान मिळालं की सुसाट जायचं, आणि कोणी आडवा आला की रेटायचं. बाइकवर आपण हेच करतो. हायवेला टॉप गिअर, खंबाटकी चढताना खालचा गिअर. रोबोटलाही दोन गिअर द्यावेत ही कल्पना इतकी सरळ आहे की तिच्यावर कोणी शंकाच घेतली नाही.

जुनं गणित: सिम मोटरच्या काळातलं

तेव्हाची मुख्य मोटर होती 'सिम'. मोबाइलच्या सिमशी काही संबंध नाही. ब्रश असलेली, 1.27 किलो वजनाची, दगडासारखी टिकाऊ मोटर. 12 व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला सुमारे 5,300 फेरे. पूर्ण अडवून धरली, म्हणजे स्टॉल केली, तर 2.42 न्यूटन-मीटर टॉर्क आणि त्यासाठी 131 अँपिअर करंट.

गणितासाठी रोबोट 68 किलोचा धरू. रबरी चाकं आणि मैदानावरचं कार्पेट यांच्यात घर्षणांक 1.1 च्या आसपास असतो. म्हणजे चाकं घसरण्याआधी रोबोट जास्तीत जास्त 730 न्यूटन जोर लावू शकतो. यापेक्षा मोठी मोटर लावा, काहीही करा, चाकं जागेवर फिरतील, जोर वाढणार नाही. ढकलण्याची कमाल मर्यादा मोटर नाही, चाक ठरवतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चाकं चार इंच व्यासाची असतील तर एवढ्या जोरासाठी सगळ्या चाकांवर मिळून सुमारे 37 न्यूटन-मीटर टॉर्क हवा. रोबोटला चार सिम मोटर आहेत. प्रत्येक मोटरच्या वायरवर 40 अँपिअरचा ब्रेकर असतो, त्यामुळे एका मोटरकडून 40 अँपिअरला मिळेल तेवढाच टॉर्क हिशोबात धरायचा: 0.7 न्यूटन-मीटर. चार मोटर मिळून 2.8. म्हणजे 37 गाठायला गिअर रेशो साधारण 13.3 हवा.

आणि या रेशोला रोबोटचा वेग किती? सेकंदाला जेमतेम 2.1 मीटर. मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायला आठ सेकंद. आजूबाजूचे रोबोट तीन-चार सेकंदात निघून जातात आणि तुम्ही बैलगाडी हाकताय.

मग वेग वाढवू. सेकंदाला जवळपास 5 मीटर हवेत तर रेशो 5.8 पर्यंत खाली आणावा लागतो. पण आता कोणाला रेटायची वेळ आली आणि ड्रायव्हरने जॉयस्टिक पूर्ण दाबली, तर चाकं घसरेपर्यंत प्रत्येक मोटर 87-88 अँपिअर ओढणार. चार मोटर, साडेतीनशे अँपिअर. रोबोटची बॅटरी कशी असते माहितीये? 12 व्होल्ट, 18 अँपिअर-अवरची लेड-अॅसिड, छोट्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची. मेन ब्रेकर 120 अँपिअरचा. साडेतीनशे अँपिअर मागितले की व्होल्टेज धाडकन खाली येतं. ज्या रोबोरिओ कंट्रोलरवर रोबोट चालायचा तो 6.3 व्होल्टच्या खाली गेलं की स्वतःला वाचवायला मोटर बंद करतो. याला ब्राऊनआउट म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं रोबोटला उचकी लागलीय.

आता कळेल दोन गिअर का हवे होते. लो गिअरमध्ये तेवढाच जोर लावायला चार मोटर मिळून 160 अँपिअर पुरायचे. 120 चा मेन ब्रेकर इतकं थोडा वेळ निभावून नेतो, तो गरम होऊन तुटायला वेळ घेतो. हाय गिअर पळायला, लो गिअर रेटायला. खरं तर लो गिअरचं मुख्य काम जोर वाढवणं हे नव्हतंच. जोराची मर्यादा चाकाने आधीच ठरवली होती. लो गिअर बॅटरी वाचवत होता. पोलादी दात्यांमध्ये कोरलेला करंट लिमिट म्हणा ना.

या एका वाक्यात पुढचं सगळं आहे. कारण करंट लिमिट दुसऱ्या कुठल्या स्वस्त मार्गाने मिळाला, तर दात्यांची गरज काय?

गिअरबॉक्स कसा होता आणि काय मागायचा

अँडीमार्क ही कंपनी 2004 मध्ये सुरू झाली ती प्रामुख्याने अशा शिफ्टर गिअरबॉक्सच्या जोरावर. त्याआधी टीम स्वतःचे गिअरबॉक्स बनवायच्या किंवा ड्रिल मशीनमधले काढून लावायच्या. तयार शिफ्टर मिळायला लागल्यावर साध्या शाळेलाही दोन गिअर परवडायला लागले.

आतली रचना मजेदार असते. दोन वेगळ्या रेशोच्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकून फिरत असतात. शाफ्टने यातल्या कोणत्या जोडीला धरायचं, एवढंच शिफ्टर ठरवतो. 'डॉग' प्रकारात दातेरी कॉलर इकडून तिकडे सरकते. 'बॉल' प्रकारात शाफ्टच्या आत दांडा सरकतो आणि छर्‍यांसारखे छोटे बॉल बाहेर ढकलून गिअरला पकडतो. बाइकसारखा क्लच नाही. फिरता फिरता खट्कन बदलायचं.

हे सरकवायचं काम बहुतेक टीम हवेच्या दाबावर करायच्या. म्हणजे कॉम्प्रेसर आला, टाक्या आल्या, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, नळ्या. 120 पीएसआयला हवा साठवायची, 60 पीएसआयला वापरायची. एकदा रोबोटवर हवा आहेच म्हटल्यावर इतर कामांनाही ती वापरता यायची, हे खरं. पण फक्त गिअर बदलण्यासाठी हा संसार मांडला तर सहज दोन-तीन किलो वाढतात, आणि कुठेतरी एक जॉइंट सुस्कारा टाकत असतोच.

शिवाय ड्रायव्हर. तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. समोरून रोबोट अंगावर येतोय, टीममधले ओरडतायत, आणि त्याला आठवायचंय की आधी लो गिअरचं बटण दाबायचं, मग रेटायचं. हाय गिअरमध्येच भिडला तर ब्राऊनआउट. कोडमधून आपोआप शिफ्ट करणाऱ्या टीम होत्या, पण कधी शिफ्ट करायचं ते नीट ठरवणं सोपं नाही. चुकीच्या क्षणी झालेली शिफ्ट ही न झालेल्या शिफ्टपेक्षा वाईट.

मग आली ब्रशलेस मोटर

घरात बीएलडीसी पंखा असेल तर त्याच कुळातली मोटर. ब्रश नाहीत, आत कोणती वायर कधी चालू करायची ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. एफआरसीमध्ये 2019 च्या सीझनला रेव्ह कंपनीची निओ आली, पुढच्या वर्षी फाल्कन 500, आणि 2024 च्या सीझनला क्रॅकन एक्स60. निओचं वजन 425 ग्रॅम, सिमच्या एक तृतीयांश. क्रॅकन 540 ग्रॅमच्या आसपास आणि तिची कमाल ताकद 1,100 वॉट. सिमची 337.

इथे बहुतेक लेख "मोटर तिप्पट ताकदवान झाल्या म्हणून गिअर गेले" असं म्हणून थांबतात. मला हे अर्धवट वाटतं. कारण आकडे नीट बघा: 40 अँपिअरला सिम 0.7 न्यूटन-मीटर देते, क्रॅकन देते 0.78. फरक किरकोळ आहे! एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क जवळपास तोच. मग क्रॅकन वेगळी कशात?

ती वेगळी आहे तिच्या वायरच्या रोधात. सिमचा रोध 0.092 ओहम. क्रॅकनचा 0.033, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. ऐकायला फालतू वाटतं. पण सगळा खेळ इथेच पालटतो, आणि तो समजायला तुमच्या खिशातलं उदाहरण पुरेसं आहे.

फास्ट चार्जर फोनला 9 व्होल्ट आणि 2 अँपिअर देतो. पण फोनची बॅटरी 4 व्होल्टच्या आसपासची. मग फोनच्या आतलं सर्किट व्होल्टेज खाली आणतं आणि त्या बदल्यात करंट वाढवतं: बॅटरीत 4 अँपिअरच्या वर जातो. बाहेरून 2, आत 4. जादू नाही, गुणाकार तोच राहतो. गिअरबॉक्सही हेच करतो ना? वेग कमी करतो, त्या बदल्यात टॉर्क वाढवतो.

मोटर कंट्रोलर असाच वागतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला कमी व्होल्टेज देतो. त्यामुळे दोन वेगवेगळे करंट असतात: बॅटरीतून निघणारा, आणि मोटरच्या वायरमधून फिरणारा. ब्रेकरला फक्त पहिला दिसतो. टॉर्क दुसऱ्यातून मिळतो. एफआरसीच्या मुलांच्या भाषेत, सप्लाय करंट आणि स्टेटर करंट.

आता आपला 68 किलोचा रोबोट घ्या, चार क्रॅकन लावा, रेशो एकच ठेवा: 6.12. हा बाजारात तयार मिळणारा रेशो आहे. वेग निघतो सेकंदाला 5.2 मीटर, म्हणजे जुन्या हाय गिअरपेक्षाही जास्त. आणि चाकं घसरवायला प्रत्येक मोटरला लागतात सुमारे 80 अँपिअर. स्टेटरचे. रोबोट भिंतीला टेकून उभा आहे, चाक फिरत नाहीये, तर 80 अँपिअर वाहायला मोटरला किती व्होल्ट द्यावे लागतील? 80 गुणिले 0.033. फक्त 2.6 व्होल्ट. म्हणजे 12 चे 2.6 झाले, साडेचार पट कमी. मग बॅटरीतून निघणारा करंटही साडेचार पट कमी. प्रत्येक मोटरला 17-18 अँपिअर. चार मोटर मिळून 70.

तोच जोर, त्याच रेशोवर सिमकडून घेतला तर? प्रत्येकीला 84 अँपिअर, त्यासाठी 7.7 व्होल्ट, बॅटरीतून 54. चार मोटर मिळून 215 अँपिअर. सगळा फरक वायर तापवण्यात गेला.

(हे कंपनीने दिलेल्या आकड्यांवरचं गणित आहे, गिअरमधलं घर्षण धरलेलं नाही. प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होईल, निष्कर्ष बदलत नाही.)

एक अट मात्र आहे. कंट्रोलरमध्ये स्टेटर करंटचा लिमिट लावलेला पाहिजे. लिमिट न लावता जॉयस्टिक पूर्ण दाबली तर क्रॅकनही चाकं घसरवत बॅटरीतून तीनशेच्या वर अँपिअर मागेल आणि रोबोट तसाच उचक्या देईल. म्हणजे दुसरा गिअर मोटरने एकटीने घालवला नाही. कमी रोधाचं तांबं आणि कोडमधली एक ओळ, दोघांनी मिळून घालवला. यातली कोडची ओळ फुकट आहे, आणि गंमत म्हणजे नवीन टीम नेमकी तीच लिहायची विसरतात.

कारमध्ये हे आधी घडून गेलंय

2008 च्या टेस्ला रोडस्टरला आधी टू-स्पीड गिअरबॉक्स द्यायचं ठरलं होतं. एक गिअर शून्यापासून झटका द्यायला, दुसरा वरच्या वेगाला. गिअरबॉक्स टिकेनात. सुरुवातीच्या काही गाड्या तर दुसऱ्या गिअरमध्ये लॉक करून ग्राहकांना दिल्या. शेवटी टेस्लाने उपाय काढला तो गिअरबॉक्स सुधारण्याचा नव्हता. मोटरला जास्त करंट देणारं इलेक्ट्रॉनिक्स लावलं आणि सिंगल-स्पीड गिअरबॉक्स बसवला. आज रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या आणि स्कूटर सिंगल-स्पीड आहेत.

अपवाद आहेत. पोर्शे टायकनच्या मागच्या अॅक्सलला दोन गिअर असतात, कारण तिला जर्मन हायवेवर खूप वरच्या वेगालाही जोर हवा. अहमदाबादच्या मॅटर कंपनीने एरा या इलेक्ट्रिक बाइकला चक्क चार गिअर दिले. म्हणजे दुसरा गिअर मूर्खपणा आहे असं नाही. वेगाची रेंज खूप मोठी हवी असेल, किंवा मोटर आणि करंट छोटे ठेवायचे असतील, तर गिअर अजूनही कामाचे. साडेसोळा मीटरच्या मैदानात ती रेंज कुठून आणणार?

आणि मग स्वर्व्ह

दुसरं कारण चाकांचं. जुन्या टँक ड्राइव्हमध्ये डावी बाजू आणि उजवी बाजू, दोनच गिअरबॉक्स. शिफ्टर दोन लागायचे. आता वरच्या टीम स्वर्व्ह वापरतात: चार कोपऱ्यांना चार मोड्यूल, प्रत्येक मोड्यूलमध्ये एक मोटर चाक फिरवते, दुसरी ते चाक कुठल्या दिशेला बघेल ते ठरवते. रोबोट खेकड्यासारखा आडवा जातो, गोल फिरता फिरता सरळ जातो. 2022 नंतर वरच्या पातळीवर हाच जणू नियम झालाय. यात दोन गिअर हवे असतील तर स्वतःभोवती फिरणाऱ्या चार डब्यांमध्ये चार शिफ्टर घुसवावे लागतील. कोण करणार?

खेळायची पद्धतही बदलली. स्वर्व्हवाला रेटत बसत नाही, बाजूने निघून जातो. पण इथे एक गैरसमज आहे, "स्वर्व्हला जोर नसतो". खोटं. चाकं तीच, वजन तेच, घर्षण तेच, त्यामुळे ढकलायची मर्यादाही तीच 730 न्यूटन. जोर कमी पडतो तो मेकॅनम चाकांना, कारण त्यांचे रोलर मोकळे फिरतात. दोन्ही प्रकार आडवे जातात म्हणून लोक एकाच पारड्यात टाकतात.

मग टीमने काय घ्यावं?

खरी अडचण पैशाची आहे. स्वर्व्हचं एक मोड्यूल मोटर सोडून साडेतीनशे डॉलरच्या आसपास. क्रॅकन एक, दोनशे डॉलरच्या थोडी वर. चार मोड्यूल, आठ मोटर: तीन हजार डॉलर, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या पुढे, आणि हे भारतात मागवायचं तर कुरिअर आणि कस्टम्स वेगळं. रोबोटचा हात, शूटर, काहीच अजून बनलेलं नाही, फक्त चाकं झाली.

हे ऐकून बऱ्याच टीम मधला मार्ग शोधतात: स्वर्व्ह नाही परवडत, मग निदान टू-स्पीड टँक करू. माझ्या मते हाच सगळ्यात चुकीचा खर्च आहे. कारण त्याच्या खालचा पर्याय त्याच्याइतकाच चांगला आहे.

एफआरसीच्या किट ऑफ पार्ट्समध्ये टँक ड्राइव्हची साधी चासी अनेक वर्षं मिळत आलीय. तिच्या नेहमीच्या गिअरबॉक्सचा रेशो 10.71 आणि चाकं सहा इंची. तिला चार निओ लावल्या तर वेग निघतो सेकंदाला 4.2 मीटर. चाकं घसरवायला प्रत्येक निओला साधारण 53 अँपिअर स्टेटर करंट लागतो, आणि तेव्हा बॅटरीतून चारही मिळून 110 च्या आत. मेन ब्रेकर 120 चा. बसलं! लिमिट 55 ला लावा, झालं काम. हवा नाही, शिफ्टर नाही, बटण विसरायची भानगड नाही. जुन्या टू-स्पीड सिम रोबोटच्या हाय गिअरपेक्षा वेग थोडा कमी, पण पाच-सहा मीटरच्या धावांमध्ये तो फरक सेकंदाच्या अंशात जातो. सामन्यात बहुतेक धावा तेवढ्याच लांबीच्या असतात.

दोन गिअर कधी घ्यावेत, याचं उत्तर अगदीच 'कधीच नाही' असंही नाही. तुमच्या कपाटात आधीच्या वर्षांच्या सिम मोटर आणि चांगला शिफ्टर पडून असेल, नवीन मोटर घ्यायला पैसे नसतील, तर खुशाल वापरा. वरचं जुनं गणित त्यांच्यासाठी अजूनही खरं आहे. दुसरं, शिफ्टरची रचना पॉवर टेक-ऑफ म्हणून वापरता येते: सामन्याच्या शेवटी रोबोटला लटकायचं असेल तेव्हा चाकांच्या मोटरची ताकद वळवून विंचला द्यायची. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट रोटाव्हेटर फिरवतो, तसंच. चार मोटर चाकांना आणि वेगळ्या दोन विंचला देण्यापेक्षा हे कधीकधी हलकं पडतं.

तिसरं कारण उष्णतेचं, आणि ते मी हलक्यात घेणार नाही. सिम सव्वा किलोची होती म्हणून भरपूर उष्णता पिऊन घ्यायची. छोट्या ब्रशलेस मोटरला ते जमत नाही. वरच्या उदाहरणात रोबोट भिंतीला रेटत उभा असताना प्रत्येक क्रॅकनमध्ये 210 वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न 25 ते 60 वॉटची असते, यावरून अंदाज करा. पाच-दहा सेकंद ठीक. सलग अर्धा मिनिट रेटायचं असेल तर लो गिअर अजूनही जिंकतो, कारण त्यात मोटरचा करंटच कमी असतो. एफआरसीमध्ये इतका वेळ रेटायची वेळ सहसा येत नाही. पण कॉलेजच्या दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत चढावर सतत भार ओढायचा असेल तर हा मुद्दा आधी तपासा.

आपल्याकडचे इंजिनीअरिंगवाले रोबोकॉन खेळतात, त्यांचा प्रश्न वेगळा. 2008 ची आशियाई एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा विषय दहीहंडीचा होता, 'गोविंदा'. तिथे अचूक उभं राहणं आणि उंच पोचणं महत्त्वाचं. अशा कामांसाठी दोन गिअरचा विचार करण्यात वेळ घालवू नका.

एवढं करूनही टीममध्ये वाद मिटत नसेल तर चाचणी सोपी आहे. पूर्ण वजनाचा रोबोट कार्पेटवर ठेवा, नाक भिंतीला टेकवा, करंट लिमिट 30 अँपिअरपासून सुरू करून पाच-पाचने वाढवत जा, प्रत्येक वेळी दोन सेकंद रेटा आणि मध्ये मोटर थंड होऊ द्या. ज्या आकड्याला चाकं घसरायला लागतील तो लिहून ठेवा आणि त्या वेळचं बॅटरीचं व्होल्टेज लॉगमधून बघा. चाकं घसरली तेव्हा व्होल्टेज 9 च्या वर असेल तर एक गिअर पुरेसा आहे. 7 च्या आसपास रेंगाळत असेल तर शिफ्टर मागवण्याआधी रेशो एक पायरी वाढवून हीच चाचणी पुन्हा करा. गिअरची एक जोडी बदलायला एक दुपार लागते.